परतीचा आहेर

“पुरे करा आता, एलाझारकाका. माणसं उपाशी आहेत.”

रहमिमशेठ वाकरूळकर असं म्हणाले आणि पुढच्या बाकावर त्यांनी हातातली काठी दोनदा आपटली. काठीची त्यांना गरज नव्हती. पाय धडधाकट होते. पण मंडळीचे मुकादम झाल्यापासून हातात काहीतरी असावं म्हणून त्यांनी ती मुंबईहून मागवली होती, आणि मागवली आहे तर आपटायला नको का?

चौथऱ्यावर माझे वडील तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, वाचत होते. ते आमच्या सिनेगॉगचे हझन. प्रार्थना चालवायची आणि दर शनिवारी तोराचा त्या आठवड्याचा भाग वाचायचा हे त्यांचं काम. सिनेगॉगला आमच्या गावात मशीदच म्हणतात. मुसलमानांची ती मोठी मशीद, आमची ती इस्राएलांची मशीद. दोन्हींच्या मधे रहमिमशेठचा बर्फाचा कारखाना, त्यामुळे दोन्हीकडे सलोखा थंड डोक्याने चाले.

तोराच्या गुंडाळीत, म्हणजे सेफेरमधे, नुसती अक्षरं असतात. काना नाही, मात्रा नाही, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नाही. काय वाचायचं ते वाचणाऱ्याला आधीच येत असावं लागतं. म्हणून वडील रविवारी सकाळी पुढच्या शनिवारचा भाग घोकायला बसत, ते शुक्रवारी दिवे लागेपर्यंत घोकत. लहानपणी मला वाटे, एवढं घोकूनही यांना पाठ कसं होत नाही? पाठ होतंच. तरी घोकत.

त्या शनिवारी भाग होता ‘की तावो’. गणपतीच्या आगेमागे येतो. त्यात शाप आहेत: आज्ञा मोडल्या तर माणसाचं काय काय होईल, त्याचं देवाने मोशेकडून वदवलेलं भरघोस वर्णन. हे शाप खालच्या आवाजात वाचायची पद्धत आहे. एरवी वाचनाच्या प्रत्येक तुकड्याला कोणाला तरी नावाने, मानाने वर बोलावतात. या तुकड्याला बोलावत नाहीत. हझन स्वतःच उभा राहतो. वडील म्हणत, ज्याला अर्थ कळतो त्यानेच ते अंगावर घ्यावं.

एक तर खालचा आवाज, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. चांदीच्या काडीने ते एकेक शब्द टिपत चालले होते आणि मागच्या बाकावर नुसती पंख्याची घरघर पोचत होती. तेवढ्यात काठी वाजली.

वडिलांची काडी अक्षरावर तशीच राहिली. “रहमिम,” ते म्हणाले, “हे मधे तोडता येत नाही.”

“पुढे काय आहे ते देवाला ठाऊक आहे, काका. त्यानंच लिहिलंय.”

लोक हसले. वडिलांनी सेफेर गुंडाळला, कपाटात ठेवला, पडदा सारखा केला आणि घरी येऊन न जेवता आडवे झाले. पुढच्या शनिवारी मला म्हणाले, “तू वाच.” पुन्हा त्या चौथऱ्यावर ते चढले नाहीत. थंडीतल्या हनुक्का सणाचा पहिला दिवा लागायच्या आत गेले.

जायच्या आधी एकदाच त्या गोष्टीबद्दल बोलले. “अर्धे राहिले रे.”

“काय, बाबा?”

“शाप. अर्धे वाचून ठेवले की उरलेले कोणाच्या वाट्याला जातात, काय माहीत.”

मला माहीत होतं.

वडील गेले त्या दिवशी रहमिमशेठने बर्फाच्या लाद्या पाठवल्या. आम्ही माणूस घरात ठेवत नाही, त्याच दिवशी पुरतो. मुकादमाला एवढं माहीत असायला हरकत नव्हती. लाद्या अंगणात गोणपाटाखाली पडून राहिल्या आणि आम्ही दफन उरकून आलो तोवर पाणी होऊन गटाराला लागल्या. त्या माणसाने आमच्यासाठी केलेली तेवढी एकच गोष्ट, तीही वाहून गेली.

आता तुम्ही म्हणाल, भांडायचं होतं सरळ. भांडण परवडणारं नव्हतं. प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात, आणि जवळजवळ सगळी आळी इस्राएलला गेल्यावर गावात मोजून दहाच उरलो होतो. रहमिमशेठ रुसून बसले असते तर सेफेर कपाटातून बाहेर काढता आला नसता. ज्याच्याशिवाय देवाचं नाव मोठ्याने घेता येत नाही अशा माणसाचा सूड घ्यायचा, म्हणजे त्याला आधी जपावं लागतं. मी त्यांना जपलं. तब्येतीची चौकशी करत असे. थंडीत कानाला बांधा म्हणून सांगत असे.

आणि ‘की तावो’ची वाट बघत असे.

मी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते कर्ण्यावरून सांगायचं. कर्णा महिन्यातून पंधरा दिवस बंद असे, त्यामुळे आवाज कमावलेला होता. शनिवार ही माझी साप्ताहिक सुटी; गणपतीच्या जादा गाड्यांतही ती मी सोडली नाही. त्या वर्षी तर डेपो मॅनेजर हात जोडत होता. मी म्हटलं, साहेब, या शनिवारी माझी एकच गाडी सुटायची आहे.

शाप आले. मी खणखणीत आवाजात पुकारलं, “रहमिम बिन शेलोमो.”

मागच्या बाकावर सियोनमामांना ठसका लागला. मंडळीतले सगळ्यांत म्हातारे ते, आणि माझ्याशिवाय काय चाललं आहे ते कळणारे एकटेच. शेठ मात्र उठले, शाल सारखी केली, छाती काढून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आणि मी सुरू केलं. खालच्या आवाजात नाही; मुरूड, रोहे, पनवेल आणि मधले सगळे थांबे ऐकतील अशा आवाजात. वडिलांनी वाचलेले वाचले, न वाचलेले वाचले. एकेक शाप नीट तोडून, त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन वाचला. खरूज, गजकर्ण, वेड, आंधळेपणा, दिवसाढवळ्या चाचपडणं. काही सोडलं नाही. श्वास घ्यायला थांबलो की शेठ भरदार आवाजात “आमेन” म्हणत.

वाचन संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे दोन्ही हात धरून ते म्हणाले, “हनोख, आजवर मला तीन ओळींच्या वर कोणी दिलं नव्हतं. एवढा मोठा तुकडा. आणि काय आवाजात.”

त्या आनंदात त्यांनी रविवारी घरी मलिदा केला. एलियाहू नबीच्या नावाने आम्ही पोहे, गूळ, खोबरं, फळं यांचं ताट करतो, नवस फेडायला किंवा काही शुभ घडलं की. मला त्यांनी पाटावर बसवलं. सगळ्यांना सांगितलं की एलाझारकाकांच्या मुलाने मनात काही ठेवलं नाही, बापापेक्षा मन मोठं निघालं. मी मलिदा खाल्ला. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हाही नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं कारण काय सांगणार?

घरी येताना माझी बायको मिल्का निम्मी वाट माझ्या पुढे चालली. मग म्हणाली, “गूळ छान होता.”

मी पावलं भराभर टाकली.

“माणसाला शिवी लागायची तर भाषा यावी लागते,” ती म्हणाली. “तुम्ही बैलाला इंग्रजीत शिवी दिलीत.”

ते वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं. रहमिमशेठला प्रार्थना येत त्या मराठी अक्षरांत छापलेल्या पुस्तकातून. अर्थाशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. वडील शनिवारी दुपारी ओटीवर त्या आठवड्याचा भाग मराठीत समजावून सांगत, तिकडे शेठ कधी फिरकले नाहीत. अज्ञानाचं चिलखत घालून तो माणूस बिनघोर हिंडत होता आणि माझा एकही बाण आत शिरत नव्हता. चिलखत काढायला हवं होतं. म्हणजे त्यांना शिकवायला हवं होतं.

संधी त्यांनीच दिली. मुलगी डायना इस्राएलमधे अश्दोदला दिली होती. पुढच्या गणपतीच्या सुमाराला ती आणि जावई गावी यायचे होते. गेल्या खेपेला जावई जेवताना हिब्रूत काहीतरी बोलला, सगळे हसले, शेठही हसले आणि मग कळलं की ते शेठबद्दलच होतं. ते मला मशिदीच्या पायरीवर गाठून म्हणाले की पुढच्या वर्षी तो मानाचा तुकडा त्यांना स्वतः, गुंडाळीतून, जावयासमोर वाचायचा आहे. तेवढाच तुकडा शिकवशील का?

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तरी गंभीरपणे म्हटलं, “शेठ, मधल्या थांब्यावर गाडी धरता येत नाही. ‘बेरेशीथ’पासून बसावं लागेल. आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी.”

“किती वेळ लागेल?”

“दर शनिवारी दुपारी. बरोबर ‘की तावो’च्या आदल्या शनिवारी त्या तुकड्याला पोचू. एक जरी शनिवार चुकला तर नाही पोचणार.”

हे खोटं होतं. पण सूड घ्यायचा तर नियम हवा.

आमच्या नव्या वर्षाच्या सणांनंतर तोरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्या शनिवारपासून रहमिमशेठ आमच्या ओटीवर येऊ लागले. वडिलांच्या जागी मी, समोर शेठ, मधे मराठी बायबल आणि, शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही म्हणून, शुक्रवारी भरून ठेवलेला चहाचा थर्मास. मिल्का दाराशी बसून तांदूळ नाही तर मासिक, काहीतरी हातात घेऊन ऐकत असे. पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, “एका माणसाला शिवी समजावी म्हणून वर्षभर फुकट शिकवणारा मास्तर मी पहिल्यांदा बघते.”

फुकट तर होतंच, शिवाय मलाही घोकावं लागे. वाचता मला येत होतं, अर्थ वडिलांना येत होता. शेठ प्रश्न विचारत आणि मला उत्तर माहीत नसे. शत्रूसमोर ‘माहीत नाही’ म्हणायचं? म्हणून मी रविवारपासून बसायला लागलो. स्टँडवर केबिनमधे बसायला लागलो. एकदा घोकण्याच्या भरात मुरूडची गाडी मिसरला लागल्याचं पुकारलं. दोन बायका सामान घेऊन चौकशीला आल्या.

विद्यार्थी म्हणून शेठ चिवट होते. नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी त्यांनी आपल्या कारखान्याशी ताडून पाहिली. एसावाने भुकेपोटी वडीलकीचा हक्क एका वाटी आमटीला विकला, तर त्यावर त्यांनी आमटी कसली होती इथपासून सुरुवात केली. याकोबाने बापाला फसवलं तेव्हा ते माझ्यावर चिडले, जसं काही मीच बकऱ्याचं कातडं हाताला गुंडाळून गेलो होतो. अक्षरं मात्र त्यांना त्रास देत. हिब्रूत दालेत आणि रेश ही दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी. एकाला मागे बारीक कोपरा आहे, दुसऱ्याचा खांदा गोल. तेवढ्या कोपऱ्यावर अर्थ उलटतो. मी त्यांना वडील द्यायचे ते उदाहरण दिलं: ‘एहाद’ म्हणजे एक, ‘अहेर’ म्हणजे दुसरा, परका, शेवटच्या अक्षराचा कोपरा चुकला तर देव एक आहे म्हणायच्या जागी देव परका आहे असं होतं.

“आहेर?” शेठ म्हणाले. “लग्नातला?”

“अहेर, शेठ. काना नाही.”

“आम्हाला तो लग्नातलाच लक्षात राहणार.”

लेवीयच्या पुस्तकात पोचलो तेव्हा उन्हाळा होता. मी वाचून दाखवत होतो, शेठ बोटाने ओळी धरत होते. मी एका पानावर जरा भराभर गेलो.

“थांब,” ते म्हणाले. “सतरा झाली, एकोणीस आली. अठरावी कुठे गेली?”

“महत्त्वाची नाही.”

“देवानं लिहिली आणि तू बिनमहत्त्वाची ठरवलीस?”

दाराशी मिल्काचं मासिक खाली आलं. मी म्हटलं, “शेठ, ऊन फार आहे. पुरे आज.”

“पुरे काय? पुढे.”

मग मला वाचावी लागली. आपल्या लोकांपैकी कोणाचा सूड घेऊ नको, मनात अढी धरू नको, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. मी ती कर्ण्यावर वाचतात तशी वाचली, म्हणजे कोणालाच काही कळू नये अशी. शेठने मान हलवली. “चांगली आहे,” म्हणाले. “आपल्या मंडळीत पुष्कळ जणांना ऐकवायला हवी.”

शेठ गेल्यावर मिल्काने थर्मास विसळला. तेवढा वेळ तिने तो कधी विसळला नव्हता. “अजून बेत तोच का?” तिने विचारलं. मी म्हटलं, तोच. वडील अर्ध्यावर थांबले होते. मला अर्ध्यावर थांबायचं नव्हतं.

श्रावण संपता संपता डायनाचा फोन आला. येणं रद्द, जावयाला रजा नाही, मुलांची शाळा, पुढच्या वर्षी बघू. शेठनी मला ते असंच जाता जाता सांगितलं. मी विचारलं, मग तुकडा वाचायचा का? ते म्हणाले, इतक्या लांब आलो तर उतरून काय करू?

तो शनिवार आला. ढग होते, पाऊस नव्हता. शेठ बसले, चष्मा लावला आणि मराठीतून स्वतःच मोठ्याने वाचायला लागले. आशीर्वाद झाले. मग, नगरात तू शापित, रानात तू शापित. तुझी टोपली शापित, तुझी परात शापित. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दोन वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट बघितली होती.

खरूज आली. वेड आलं. शेठचा आवाज हळूहळू खाली गेला आणि त्यांनी बोट ओळीवर ठेवून वर पाहिलं.

“हा माझाच तुकडा ना?”

“हो.”

“गेल्या वर्षी माझं नाव पुकारून वाचलास तो हाच?”

“हाच.”

“मी आमेन म्हणत होतो.”

“हो. चांगल्या आवाजात.”

त्यांनी ती ओळ बोटाने पुन्हा एकदा चालून पाहिली. मग म्हणाले, “मी मलिदा केला.”

“हो.”

“तू दोनदा वाढून घेतलास.”

“गूळ छान होता, शेठ.”

बाण लागला होता. अगदी हवा तिथे, हवा तेवढा खोल. आपल्याला एवढ्या कष्टाने मिळालेली गोष्ट जिभेवर ठेवून चघळावी असं मी ठरवलं होतं. पण शेठ उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी मराठी पुस्तक बाजूला सारलं आणि हिब्रू ओढलं.

“एलाझारकाका कुठे थांबले होते?”

मी बोट ठेवलं. ते तिथून वाचायला लागले, एकेक अक्षर जुळवत. “बानेखा उबनोतेखा... नेतुनीम... ले-आम एहाद.”

“अहेर,” मी म्हटलं.

“आहेर? मुलं काय आहेर द्यायची लोकांना?”

“अहेर, शेठ. परका. तुझे मुलगे आणि तुझ्या मुली परक्या लोकांना दिल्या जातील. तू दिवसभर वाटेकडे डोळे लावून बसशील, डोळे शिणून जातील, आणि तुझ्या हातात काही नसेल.”

माझा मुलगा इस्राएलमधे लोदला विमानतळावर सामान चढवतो. त्याचा फोन सणाला येतो. हे मी त्या वेळी मनात आणलं नव्हतं, वाचल्यावर आलं. दाराशी मिल्का उठून आत गेली.

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. “आहेरच असता तर बरं होतं,” ते म्हणाले. “आहेराला निदान परतीचा आहेर असतो.”

त्यांनी काठी घेतली, चहा घेतला नाही. फाटकापाशी वळले आणि शांतपणे म्हणाले, “तुला मिळेल, हनोख.”

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. त्यांना काय करायचं ते करून घेऊ दे, असं मी म्हणत होतो. पण मिल्काने सरळ सांगितलं की त्यांना काही करावंच लागणार नाही. नुसतं घरी बसायचं. “ते नाही आले तर तुम्ही नऊ. सेफेर कपाटात. अर्धे राहिलेले शाप तुम्ही पुरे केलेत, आता पुरी तोरा बंद करा. बाबांना काय सांगणार ते ठरवून ठेवा.”

शनिवारी सकाळी आम्ही नऊ होतो. प्रार्थनेचा जो भाग नऊ जणांना चालतो तो मी लांबवता येईल तितका लांबवला. मग लांबवायला काही उरलं नाही. सियोनमामा दाराकडे बघत होते. मी कपाटाच्या पडद्याकडे बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की वडील गेल्यावर मला भीती अशी वाटली नव्हती. आता वाटत होती.

काठी पायरीवर वाजली.

शेठ आत आले, कोणाकडे न बघता सरळ चौथऱ्यावर चढले. सेफेर काढला. सुरुवातीचे तुकडे मी वाचले. शापांपाशी आलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली चांदीची काडी काढून घेतली आणि मंडळीकडे तोंड करून, कर्ण्याला लाजवेल अशा आवाजात पुकारलं, “हनोख बिन एलाझार.”

सियोनमामांना पुन्हा ठसका लागला.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही. रहमिमशेठनी वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, गुंडाळीतून, काना-मात्रेशिवाय. आणि दर दोन शब्दांना चुकत होते. आता नियम असा आहे की वाचणारा चुकला आणि अर्थ बिघडला, तर शेजारच्याने शब्द दुरुस्त करून द्यायचा आणि त्याने मागे जाऊन तो पुन्हा वाचायचा. त्या चौथऱ्यावर दुरुस्त करू शकेल असा मीच एक. म्हणजे ते मला शाप देत होते, शाप चुकत होता, मी तो नीट करून त्यांच्या हातात देत होतो, आणि मग ते तो मला नीट देत होते. खरूज मी दुरुस्त केली. वेड मी दुरुस्त केलं. माझ्याइतके स्वच्छ शाप आजवर कोणाला मिळाले नसतील.

फार वेळ लागत होता. मागून कोणीतरी खाकरलं. मग कोणीतरी बाक वाजवला, अगदी हलक्या हाताने.

शेठनी काडी अक्षरावर ठेवली आणि मागे वळून पाहिलं. “हे मधे तोडता येत नाही,” ते म्हणाले. “भूक लागली असेल त्यानं जावं. मग नऊ उरतील आणि उद्या गाव विचारेल कोण उठलं.”

कोणी उठलं नाही. शेठ पुन्हा वळले, आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, “इथेच ना?”

काडी वडिलांच्या शब्दावर होती. मी मान हलवली.

“ले-आम एहाद,” त्यांनी वाचलं.

“अहेर.”

“कोपरा दिसत नाही,” ते पुटपुटले. मागे गेले, शब्द नीट वाचला आणि शेवटपर्यंत वाचत गेले. संपलं तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, माझाही.

घरी मी मिल्काला विचारलं, हा सूड होता की बाबांचं राहिलेलं त्यांनी पुरं केलं? ती म्हणाली, एका ताटात दोन पदार्थ वाढत नाहीत का? इतक्यात शेठचा गडी निरोप घेऊन आला: तुम्हाला एवढा मोठा मान मिळाला, मलिदा कधी?

रविवारी मलिदा केला. शेठ पाटावर बसले. तीनदा वाढून घेतलं आणि हात धुताना म्हणाले, “गूळ बरा होता.”

मला वाटलं, फिटंफाट झाली, आता ते येणार नाहीत. पण सण संपले आणि शनिवारी दुपारी काठी फाटकावर वाजली. “पहिल्या थांब्यावरून गाडी कधी सुटते?” त्यांनी विचारलं. मी थर्मास पुढे केला.

त्यानंतर आमचा शनिवार चुकला नाही. त्यांना ताप असला तर मी त्यांच्याकडे गेलो, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते खाटेशेजारी बसले. प्रेमाच्या माणसाला तुम्ही सांगू शकता की या आठवड्यात जमत नाही. शत्रूला कसं सांगणार? तो म्हणेल, घोकलं नसेल. मी रविवारपासून घोकत असे, आणि पुढे पुढे शेठ माझ्याही आधी सुरू करत. कारखाना त्यांनी विकला, काठी खरोखरच लागायला लागली. दर ‘की तावो’ला मात्र ते चौथऱ्यावर चढून माझं नाव पुकारत आणि मला मोठ्याने शाप देत. सियोनमामा गेले तोवर शेठच्या वाचनात चूक राहिली नव्हती.

एक सोडून. त्या शब्दाशी ते दर वर्षी ‘एहाद’ म्हणत. इतरत्र ‘अहेर’ आला की बिनचूक वाचत, तिथे नाही. तुझे मुलगे आणि तुझ्या मुली एका लोकांना, म्हणजे आपल्याच लोकांना, दिल्या जातील. असं वाचलं की त्यात शाप उरत नाही. मी एकदा म्हटलं, शेठ, आता तर तुम्हाला कोपरा दिसतो. ते म्हणाले, “दुरुस्त करायला तू उभा असतोस ना.”

शेठ गेल्या थंडीत गेले. बर्फ कोणी पाठवला नाही. डायना आली ती तिसऱ्या दिवशी, माती झाल्यावर.

आता आमचे दहा पुरे करायला शेजारच्या दोन गावांतून रिक्षा सांगून ठेवावी लागते, शनिवारी आम्ही गाडीत बसत नाही, म्हणून ती शुक्रवारीच येते आणि माणसं दोन रात्री आमच्याकडे राहतात. नवा मुकादम तरुण आहे, नम्र आहे, बाक वाजवत नाही. यंदा ‘की तावो’ आला तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, हा तुकडा आपण खालच्या आवाजात उरकू या ना, काका, कोणाला बोलवायला नको. बरोबरच होतं. तीच जुनी पद्धत.

कोणी माझं नाव पुकारलं नाही. मी आपणहून उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं. टोपली, परात, खरूज, वेड. शेजारची जागा रिकामी होती; पंखा घरघरत होता.

त्या शब्दापाशी आल्यावर मी काडी ठेवली आणि स्वच्छ आवाजात वाचलं, “ले-आम एहाद.”

आणि थांबलो.

नऊ माणसं पुस्तकांत बघत होती. पुस्तकांत बरोबर शब्द छापलेला होता. मी मुकादमाकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघून आदराने हसला. मी आणखी थोडा थांबलो. कोणी दुरुस्त केलं नाही.

मग मागे गेलो, “अहेर” म्हटलं आणि पुढे वाचत राहिलो.